घोड्यांचें रान आणि परक्याचें पाऊल

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना वाटेल कीं, शहरांत दोन-चार खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्या माणसाला घोड्यांच्या रानाशीं आणि त्याच्या कुंपणाशीं काय कर्तव्य? ज्यांच्या दारीं घोडे असतील त्यांनीं ती चिंता वाहावी. हा आक्षेप वरवर पाहतां रास्त आहे. परंतु सुटीच्या दिवशीं आपण मुलांमाणसांसह गांवाबाहेर पडतां, रस्त्याच्या कडेला हिरवें कुरण दिसतें, त्यांत एखादी घोडी आपल्या शिंगरासह चरत असते, आणि "थांबा, थांबा" म्हणून मुलें ओरडूं लागतात. त्या क्षणीं कुंपणाच्या एका बाजूस आपण असतां आणि दुसऱ्या बाजूस माझ्यासारखा कोणी असतो. तेव्हां हा विषय आपणां दोघांचाहि आहे.

मी कांहीं पिढीजात अश्वपरीक्षक नव्हें. पस्तीस वर्षें शाळामास्तरकी केली. तेवढ्या काळांत घोडा पाहिला तो बहुतेक व्याकरणाच्या पुस्तकांत, आकारान्त पुल्लिंगी नामाचें उदाहरण म्हणून. माझ्या धाकट्या बंधूंनीं मात्र भीमेच्या कांठच्या आमच्या वडिलोपार्जित सहा एकर रानांत चार जनावरें हौसेनें बाळगलीं होतीं : दोन घोड्या, एक शिंगरूं आणि एक म्हातारा घोडा. बंधु निवर्तल्यावर ती ठेव माझ्याकडे आली. नोकरींतून मी नुकताच मोकळा झालों होतों. घोड्याला खरारा कसा करावा, चंदी किती द्यावी, त्याच्या अंगाशीं कोणत्या बाजूनें जावें, हें सर्व मला साठीच्या उंबरठ्यावर आमच्या वृद्ध मोतद्दारांनीं शिकविलें. माझ्या आयुष्यांतील ते शेवटचे गुरु.

त्या रानांत परवानगीवांचून येणारे लोक चार प्रकारचे. पहिले वाटसरू, नदीकडच्या मळ्यांत जावयास जवळची वाट म्हणून ते तारा वांकवून सरळ आडवे निघतात. दुसऱ्या गवत कापणाऱ्या बायका. तिसरे शेळ्यामेंढ्या घेऊन फिरणारे गुराखी. आणि चौथी आपल्यासारखी हौशी मंडळी. कोणाला घोड्याजवळ उभें राहून हातांतल्या फोनवर छायाचित्र काढून घ्यावयाचें असतें, कोणाला मुलाच्या हातून घोडीला कांहीं भरवावयाचें असतें. ज्याला चोर म्हणावें असा माणूस इतक्या वर्षांत आमच्याकडे एकदांच आला. बाकीचे सारे सज्जन. आणि माझें जें नुकसान झालें तें या सज्जनांच्याच हातून झालें.

तें कसें, हें कळण्यास घोड्याची प्रकृति थोडी समजून घेतली पाहिजे. इतका बळकट दिसणारा हा प्राणी दोन बाबतींत फार दुबळा आहे. एक म्हणजे त्याचें मन. घोडा हा मूळचा मोकळ्या माळावरचा, हिंस्र श्वापदांचें भक्ष्य होणारा जीव. संकट आलें कीं पळावें, पळतां न आलें तर लाथ झाडावी, हें त्याच्या रक्तांत आहे. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्याला जवळजवळ सभोंवार दिसतें. मात्र शेपटीच्या अगदी मागची आणि कपाळाच्या अगदी पुढची जागा त्याला दिसत नाहीं. परका माणूस नेमका मागून येतो, किंवा त्याच्या कपाळावर एकदम हात ठेवावयास जातो. मग घोडा बुजला तर त्यांत त्याचा अपराध काय?

दुसरें म्हणजे त्याचें पोट. देहाच्या मानानें घोड्याचें जठर लहान असतें. दिवसाचा बहुतेक वेळ थोडें थोडें गवत खात राहावें, अशी त्याची रचना आहे. आणि खाल्लेलें बाधलें तर तें ओकून टाकण्याची सोय निसर्गानें त्याला ठेवलेली नाहीं. कुत्र्याला, मांजराला, माणसाला ती आहे, घोड्याला नाहीं. भात, पाव, पुऱ्या, कणकेचे गोळे, गोडधोड असे पिठूळ पदार्थ एकदम पोटांत गेले म्हणजे ते आंतड्यांत आंबतात, वायु धरतो, आणि पोटांत असह्य कळा सुरू होतात. त्यांतून जीव वांचला तरी पुढें खुरांच्या आंतला भाग सुजून जनावर कायमचें लंगडें होण्याची भीति असते.

आतां झालेली गोष्ट सांगतों. लग्नसराईचे दिवस होते. रस्त्यापलीकडे एका घरचें कार्य होतें. संध्याकाळीं पाहुण्यांपैकीं कोणी तरी उरलेल्या पुऱ्या, भात आणि जिलब्या टोपलींत भरून आणल्या, तार वांकवून आंत आले, आणि आमच्या काळ्या घोडीला पोटभर खाऊं घातलें. मुक्या जनावराला अन्न घालण्यांत त्यांना पुण्यच वाटलें असणार. मी गांवांत गेलों होतों. मोतद्दार पाणी आणावयास विहिरीवर होते. रात्रीं नऊच्या सुमारास घोडी पुढच्या पायानें जमीन उकरूं लागली, वळून वळून आपल्या कुशीकडे पाहूं लागली, मग बसली, उठली, पुन्हां लोळूं लागली. अंग घामानें निथळत होतें. गुरांचे डॉक्टर तालुक्याहून येईपर्यंत मध्यरात्र उलटली. त्यांनीं नळी घातली, इंजेक्शनें दिलीं; आम्ही दोघे म्हातारे तिला हळूहळू चालवीत राहिलों. पहाटे ती पडली ती उठली नाहीं. तिचें शिंगरूं आठ महिन्यांचें होतें.

श्रोतेहो, जन्मभर मुलांना शान्तिपाठ देणारा मी मास्तर. पण त्या दिवशीं माझें डोकें ताळ्यावर नव्हतें. मीं तारकाम करणाऱ्या माणसाला बोलावून आणलें आणि सांगितलें, "जेथून लोक आंत शिरतात तेथल्या तारेंत घरांतला विजेचा प्रवाह सोडा. एकदां कोणाला फटका बसला म्हणजे दहा जण शहाणे होतील." तो माणूस घुटमळला. आमचे मोतद्दार तेथेंच शिंगराला चोळीत बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, माणूस कधीं तरी येतो. घोडा रोज त्या तारेला अंग घांसतो. त्याच्या चारी पायांना लोखंडाचे नाल आहेत. पहिला कोण मरेल?"

मी निरुत्तर झालों. परंतु खरें सांगावयाचें तर मला थांबविलें तें घोड्यांच्या काळजीनें. माणसाची काळजी त्या घटकेला माझ्या मनांत नव्हती. ती कोठून आली तें पुढें ऐका.

दुसऱ्याच दिवशीं रविवार होता. सकाळीं एक मोटार कुंपणाशीं थांबली. एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि सातआठ वर्षांचा एक मुलगा. मुलाच्या हातांत गुळाचा पुडा होता. त्यानें मला विचारलें, "आजोबा, ती काळी घोडी कोठें आहे? परवां आम्हीं तिला जिलबी दिली होती." मीं क्षणभर त्या बापाकडे पाहिलें. मनांत पुष्कळ कठोर शब्द जमा झाले होते. पण समोर मूल होतें, आणि मुलांसमोर तोल संभाळण्याची पस्तीस वर्षांची संवय उपयोगी पडली. मीं जें झालें तें सरळ सांगितलें : घोड्याला ओकारी येत नाहीं, त्या अन्नानें तिचें पोट फुगलें, आणि ती परवां रात्रीं मेली. गृहस्थांचा चेहरा उतरला. मुलगा बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "पण हें तुम्हीं आधीं कां नाहीं सांगितलें?"

मीं फाटकाकडे पाहिलें. तेथें माझ्या बंधूंनीं लावलेली पाटी होती : "आंत येण्यास सक्त मनाई आहे." तींत मनाई होती, कारण नव्हतें. ज्याला कारण ठाऊक नाहीं त्याला मनाई म्हणजे धनिकाचा तोरा वाटतो, आणि तोरा मोडण्यांत माणसाला थोडा आनंदच होतो. आमच्या कुंपणानें घोडी अडवली होती. ज्ञान कोणालाच दिलें नव्हतें. त्या मुलाचा प्रश्न हेंच माझ्या आजच्या भाषणाचें सूत्र आहे : आधीं सांगणें.

पुढें माझा एक जुना विद्यार्थी वकिली करितो त्याच्याकडे जाऊन मीं कायदा समजावून घेतला. तेथेंहि मला तेंच सूत्र सांपडलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत जमीनदार आपल्या बागांत व रानांत तारेला पाय लागतांच उडणाऱ्या बंदुका पुरून ठेवीत. एकानें अशी बंदूक आपल्या फुलांच्या बागेंत, कोणतीहि सूचना न लावतां, ठेवली. शेजाऱ्याचा पक्षी भिंतीवरून आंत गेला म्हणून त्याला आणावयास एक तरुण उतरला आणि जबर जखमी झाला. १८२८ सालीं न्यायालयानें बागवाल्यासच दोषी धरलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, १८२७ मध्यें, रात्रीच्या वेळीं राहत्या घराच्या रक्षणाचा अपवाद ठेवून पार्लमेंटनें असले सांपळे बंद केले होते. आणि आपल्या देशांत तर माझ्या मनांत आलें होतें नेमकें तेंच एकानें केलें होतें. बिहारमधील एका माणसानें परक्यांनीं आपल्या शौचकूपांत येऊं नये म्हणून तेथल्या वाटेवर विजेची उघडी तार, धोक्याची कोणतीहि खूण न ठेवतां, लावली. शेजारची एक स्त्री तिला लागून मेली. ती परवानगीवांचून आली होती, हा त्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं मानला नाहीं. त्याची शिक्षा कायम केली. आगंतुक झाला म्हणून माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाहीं, हा त्या निकालाचा मथितार्थ. तो वाचतांना माझ्या अंगावर कांटा उभा राहिला. त्या जागीं आमच्या गांवची एखादी गवत कापणारी बाई असती आणि आरोपीच्या पिंजऱ्यांत मी असतों.

मग जमिनीच्या मालकाला हक्क तरी कोणते? हक्क आहेत, पण ते क्रमानें वापरावयाचे असतात. भारतीय न्याय संहिता, २०२३, ही १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं अमलांत आली. तिच्या ३२९ व्या कलमांत फौजदारीपात्र अतिक्रमणाची व्याख्या आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परंतु नुसतें पाऊल टाकल्यानें हा गुन्हा घडत नाहीं. कांहीं अपराध करण्याचा, अथवा ताबेदाराला धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा वा त्याला त्रास देण्याचा उद्देश असावा लागतो. वाट चुकून किंवा हौसेनें आलेल्या माणसाविरुद्ध दिवाणी दाद मागतां येईल, पण त्याला गुन्हेगार म्हणतां येणार नाहीं. मात्र स्पष्ट सांगितल्यावर, लेखी कळविल्यावरहि तो पुन्हां पुन्हां येत राहिला, तर त्याच्या उद्देशाविषयीं बोलावयास आपणांस आधार मिळतो. येथेंहि आधीं सांगणें आलेंच.

जो कोणी जाणूनबुजून जनावराला मारील, विष घालील वा लुळें करील त्याला त्याच संहितेच्या ३२५ व्या कलमान्वयें पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. स्वतःच्या मालमत्तेच्या बचावाचा हक्क आपणांस आहे. पण जरुरीपेक्षां अधिक इजा करतां येत नाहीं, आणि पोलिसांकडे जावयास अवसर असेल तेथें तो हक्कच उरत नाहीं. उलट आपलेंच जनावर निष्काळजीपणानें बाळगल्यामुळें दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर २९१ व्या कलमाखालीं सहा महिन्यांपर्यंत कैद वा पांच हजारांपर्यंत दंड मालकालाच होऊं शकतो. लाथ मारणारा घोडा रस्त्याला लागून मोकळा सोडणारानें हें कलम रोज सकाळीं एकदां आठवावें.

वकिलानें मला आणखी एक प्रश्न विचारला आणि तो मला फार लागला. "गुरुजी, ते वाटसरू तुमच्या रानांतून किती वर्षें जातात?" मीं चौकशी केली. गांवांतल्या वृद्धांनीं सांगितलें कीं, आमच्या वडिलांच्या वेळेपासून मळेकरी तेथून जात येत आहेत. बंधूंनीं घोडे आणले आणि तारा मारल्या तेव्हां ती वाट बंद झाली. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणें वीस वर्षें उघडपणें, शान्ततेनें, हक्क म्हणून आणि अखंड वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क उत्पन्न होतो. शेताकडे जाणारी अशी वाट कोणी अडविली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखालीं सहा महिन्यांच्या आंत तहसीलदारांकडे दाद मागतां येते. तक्रार कोणी केली नव्हती, ती केवळ बंधूंच्या भिडेनें. ज्यांना मी आगंतुक म्हणत होतों त्यांच्या वाटेवर आम्हींच अतिक्रमण केलें होतें.

म्हणून पहिलें काम आम्हीं हें केलें कीं, रानाच्या कडेनें सहा हात रुंदीची वाट मोकळी सोडली, आणि दोन्ही टोंकांस वांकडीं दारें बसविलीं. माणूस अंग वळवून त्यांतून सहज निघतो. घोड्याचें लांब शरीर त्यांत वळत नाहीं. फाटक उघडें टाकण्याचा प्रश्नच मिटला. मधल्या रानांतून जाणें त्या महिन्यांतच थांबलें.

दुसरें काम कुंपणाचें. कांटेरी तार घोड्याला घातक असते. बुजलेला घोडा तींत शिरला तर पाय सोलून निघतात. आम्हीं ती काढून आडवे लांकडी वांसे आणि गुळगुळीत तारा घातल्या. रस्त्याच्या बाजूस त्या कुंपणाच्या बाहेर दहा फूट जागा सोडून घायपाताची दुसरी रांग लावली. त्यामुळें रस्त्यावरून हात लांबवून कोणी कांहीं भरवूं शकत नाहीं. येथें एक इशारा द्यावासा वाटतो. शोभेसाठीं कुंपणाला कण्हेर लावण्याची आपल्याकडे चाल आहे. कण्हेरीचीं पानें, हिरवीं असोत कीं वाळलेलीं, घोड्याला जालीम विष आहेत, थोडींहि पुरतात. आपल्या बंगल्याच्या बागेंतली छाटणी करून "जनावरांना चारा होईल" म्हणून कोणाच्या कुरणांत टाकूं नका. यंत्रानें कापलेल्या हिरवळीचा ढीगहि टाकूं नका. तो लवकर आंबतो, आणि घोडा अधाशासारखा खातो.

तिसरें काम पाटीचें. जुनी पाटी काढली आणि नवी लावली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे : "घोड्याला ओकारी येत नाहीं. आपण दिलेल्या घासानें तो मरूं शकतो. कृपा करून कांहींहि खावयास घालूं नये. घोडे पाहावयाचे असल्यास फाटकावरची घंटा वाजवा." खालीं माझें नांव आणि दूरध्वनीचा क्रमांक. घंटा वाजते, मी जातों, मुलांना कुंपणाबाहेरून घोडे दाखवितों, आणि पुष्कळदां माझीच करमणूक होते.

गवत कापणाऱ्या बायकांशीं आम्हीं करार केला. ओढ्याकडचें गवत त्यांनीं न्यावें. मोबदल्यांत तार तुटलेली दिसली, परकें कोणी रात्रीं दिसलें, तर येऊन सांगावें. राखणदार ठेवण्यास मला जो खर्च आला असता तो यांत वांचला. गुराख्याचें मात्र गोडीनें जमलें नाहीं. तीनदां सांगितलें, तारखांची टांचणवही ठेवली, एकदां पंचांसमक्ष लेखी कळविलें, आणि चौथ्या खेपेस पोलिसांत अर्ज दिला. आतां तो येत नाहीं. प्रत्येक गोष्ट गोडीनें होते, असें मी म्हणत नाहीं. गोडी, लेख आणि कायदा हा क्रम उलटा करूं नये, एवढेंच म्हणतों.

परका माणूस रानांत दिसला तर काय करावें, तेंहि सांगतों. ओरडूं नये आणि धांवूं नये. आरडाओरडीनें घोडे उधळतात आणि मग मालक, आगंतुक व घोडे तिघेहि धोक्यांत येतात. चालत जावें, आणि प्रथम "कोणाकडे जावयाचें आहे?" एवढेंच विचारावें. माणसाला घोड्याच्या मागून नव्हे, बाजूनें आणि अंतर राखून बाहेर न्यावें. अंगाला हात लावूं नये. मूल असेल तर आधीं त्याला उचलावें, मग बोलावें. आणि माणूस विडी ओढीत असेल तर प्रथम विडी विझवावी. कारण जवळच गंजी असते.

या गंजीवरून आठवलें. इ. स. १६७० नंतरच्या दशकांत शिवाजी महाराजांनीं चिपळूणकडील छावणींतल्या आपल्या अंमलदारांना लिहिलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा, नाहीं तर घोडे उपाशीं मरतील आणि ते तुम्हींच मारले असें होईल; रयतेच्या घरांतून दाणा, गवत, भाजी उचलूं नका; दिवा जळत ठेवूं नका, उंदीर वात नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, असा त्या पत्राचा आशय आहे. विचार करा, ज्यांच्या घोडदळाच्या टापा दूरवर ऐकूं जात, त्यांना आपल्या घोड्यांनीं आणि माणसांनीं परक्याच्या शेतांत पाऊल टाकूं नये याची केवढी चिंता! आणि त्यांनीं नुसती आज्ञा केली नाहीं. प्रत्येक आज्ञेमागचें कारण सांगितलें. सामर्थ्यवान राजाला जें कमीपणाचें वाटलें नाहीं तें सहा एकरांच्या धन्याला कां वाटावें?

माझी वेळ संपत आली. आपण कुंपणाच्या बाहेर असाल तेव्हां एवढें करा : फाटक उघडें असेल तर उघडें, बंद असेल तर बंद, जसें होतें तसें ठेवा, विचारल्यावांचून आंत जाऊं नका, आणि कितीहि दया आली तरी परक्याच्या जनावराला घास देऊं नका. आणि आपण कुंपणाच्या आंत असाल, तर मनाईबरोबर कारण लिहावयास विसरूं नका.

तो मुलगा पुढें दोनदां आला. दुसऱ्या खेपेस त्यानें घंटा वाजविली, पाटी मोठ्यानें वाचली, आणि रिकामे हात मला पुढें करून दाखविले. काळ्या घोडीचें शिंगरूं आतां दोन वर्षांचें झालें आहे. तें कुंपणापाशीं आलें, त्याचे हात हुंगून पाहिलें, आणि पुन्हां गवताकडे वळलें.